सायकल मांगरात, गुन्हेगार टीव्हीत

...आणि वर मलाच विचारतात, "तू बोलत कित्याक नाय गो?" आता मला सांगा, बोलू कधी? आमच्या घरात बोलायला जागा शिल्लक आहे कुठे? सकाळी लक्ष्मीआत्या बोलते, दुपारी लक्ष्मीआत्या बोलते, दिवेलागणीला टीव्ही बोलतो, आणि टीव्हीवर जाहिराती लागल्या की तेवढ्या वेळात राहिलेलं लक्ष्मीआत्या बोलून घेते. तिच्या दोन वाक्यांमध्ये वारा जायला फट नसते, तिथे मी शब्द कुठून घालणार? त्यामुळे तुम्हाला सांगते, पंधरा वर्षांच्या आयुष्यात मी घरात मोठ्याने, स्पष्ट, खणखणीत असे दोनच शब्द बोलत आले आहे. होय म्हाराजा.

हे कुठून आलं तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी घरात नोकरीला आहे. आमच्याकडे मालवणात कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. म्हणजे एका जाणत्या माणसाने नारळ हातात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि देवाला सगळं रीतसर सांगायचं, आणि त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभं राहिलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, होय म्हाराजा. आमच्या घरातला जाणता माणूस म्हणजे लवूआबा. माझ्या वडिलांचे काका. वडिलांना सगळा गाव भाई म्हणतो, म्हणून मीही भाईच म्हणते. लवूआबांना वय विचारलं तर म्हणतात, "त्या माडाक विचार, तो माझ्या मागसून इलो." तर हे लवूआबा देवळात गाऱ्हाणं घालतात ते ठीक आहे, तो त्यांचा मान आहे, पण मिक्सर आणला तरी ते गाऱ्हाणं घालतात, कोंबडी खुडूक बसली तरी घालतात, टीव्हीचा रिचार्ज मारला तरी घालतात. नव्या वस्तूंची नावं त्यांना आठवत नाहीत, म्हणून मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच नाव सांगते. माझा आवाज बारीक, देवाला ऐकू जात नाही, आबांना बरोबर जातो. आणि यातला मुख्य नियम लक्षात ठेवा, कारण सगळं रामायण त्या नियमामुळे झालं. गाऱ्हाण्यात जे बोललं गेलं आणि मागच्यांनी ज्याला होय म्हटलं, ते ठरलं. त्यावर पुन्हा चर्चा नाही. ते आता आपल्या हातात राहिलं नाही, वर पोचलं.

तर झालं काय, आमच्या स्वप्ना मॅडमनी प्रकल्प दिला. विषय काय, तर ‘दूरचित्रवाणीवरील गुन्हेविषयक मालिकांची तुलना आणि माध्यमांचे नियमन’. हे फळ्यावर लिहिताना मॅडमचा खडू दोनदा तुटला. वर्गातली बाकीची पोरं कण्हली, पण मला मनातून आनंद झाला, कारण प्रकल्प लिहायचा असतो, बोलायचा नसतो. आणि गुन्हेविषयक मालिका? अहो, आमच्या घरात दुसरं असतं काय? आमच्याकडे ‘शेजारचा गुन्हेगार’ बघतात. ही मालिका मुलांनी बघू नये म्हणून रात्री उशिरा लावतात, आणि मुलांची चुकू नये म्हणून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत दाखवतात. आम्ही दिवेलागणीची बघतो. म्हणजे आई तुळशीकडे दिवा लावून आत येते, शुभंकरोती होतं, सगळ्यांना नमस्कार होतो, आणि लगेच खून.

सुरुवातीला काळं जाकीट घातलेला एक माणूस येतो. तो सरळ चालतच नाही, तिरका चालतो, खेकड्यासारखा. मध्येच थांबतो, आपल्याकडे रोखून बघतो आणि म्हणतो, "तुमच्या शेजारी कोण राहतं... तुम्हाला खरंच माहीत आहे?" आता आमच्या शेजारी बाबली राहतो. माझ्या जन्माच्या आधीपासून राहतो. त्याची म्हैससुद्धा आमच्या अंगणात आपल्या घरच्यासारखी येते. पण त्या जाकिटवाल्याने विचारलं की आत्या खिडकीचा पडदा बोटभर बाजूला करते आणि म्हणते, "बाबली आज लवकर कसो इलो?" आबा म्हणतात, "कालपण लवकर इल्लो." आणि दोघं एकमेकांकडे बघतात. बाबली बिचारा पडवीत बसून पेज जेवत असतो.

तुलनेसाठी दुसरी मालिका हवी होती. ती सुशांतच्या मोबाईलवर मिळाली. सुशांत म्हणजे माझा मोठा भाऊ, पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगच्या होडीवरून नेतो आणि उरलेला सगळा वेळ मोबाईलमध्ये बुडी मारून असतो. त्या मालिकेचं नाव ‘निळी फाईल’. ती सुरू होण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात वयाचा आकडा येतो. सोळा आणि त्यापुढे. मी पंधराची. मी आपली त्या आकड्याकडे बघत बसले. सुशांतने त्याच्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "आता दिसता?"

मी मान हलवली, नाही.

"मगे बघ." झालं नियमन.

आता तुलना ऐका, चांगली पाच पानं लिहिली आहे मी. ‘शेजारचा गुन्हेगार’मध्ये गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत कळतो, कारण तो आला की ढोल वाजतात आणि त्याचं तोंड तीन वेळा दाखवतात, डावीकडून, उजवीकडून आणि एकदम जवळून. तरी पोलिसांना तो शेवटपर्यंत कळत नाही, बहुतेक त्यांना ढोल ऐकू येत नसावेत. ‘निळी फाईल’मध्ये आठ भाग संपले तरी गुन्हेगार कळत नाही, कारण तिथे कोणी दिवाच लावत नाही. ठाण्यात काळोख, घरात काळोख, भर दुपारी काळोख. आई एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "तेंची लाईट गेली काय गो? वायरमनाक सांगूचा मा." टीव्हीतली बाई मरून पडली तरी तिची लिपस्टिक जागच्या जागी, निळ्या फाईलमधला इन्स्पेक्टर मात्र आठ भागांत एकदाही आंघोळ करत नाही. टीव्हीतला इन्स्पेक्टर जे दिसतंय तेच बोलून दाखवतो, "दरवाजा उघडा आहे, म्हणजे कोणीतरी तो उघडला आहे." निळ्या फाईलमधला बोलतच नाही. नुसता खिडकीतून बाहेर बघत राहतो, बघत राहतो... आणि त्याला बक्षिसं मिळतात. त्याला कोणी विचारत नाही, तू बोलत कित्याक नाय म्हणून.

आणि ते धूसर करणं. टीव्हीवर दारूचा पेला आला की तो धूसर करतात. सिगारेट धूसर करतात. शिवी आली की टुंय वाजवतात. मग तो टुंयवाला नवरा धूसर पेला खाली ठेवतो आणि बायकोला केसांना धरून भिंतीवर आपटतो, ते मात्र अगदी स्वच्छ, तीन बाजूंनी, आणि शेवटी एकदा सावकाश. आबा म्हणाले, "पेलो कित्याक झाकलो रे?" भाई म्हणाले, "लहान पोरां बघतत मा, वायट शिकतली." मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. खाली आपलं मतही लिहिलं, की पेला दिसला असता तर मुलांवर फारच वाईट परिणाम झाला असता.

इथवर सगळं मजेत चाललं होतं हो. पुढे काय झालं ते ऐका. त्या दिवशीच्या भागाचं नाव होतं ‘सायकलवरची मुलगी’. मी तेव्हाच उठून पाणी प्यायला जायला हवं होतं. पण बसले. पडद्यावर लाल सायकल आली. माझीही लाल. तिच्या दोन वेण्या. माझ्याही दोन. डावीकडे पाणी, उजवीकडे माड, मधून रस्ता, आणि ती मुलगी गाणं गुणगुणत शाळेला निघालेली. आणि मागून ढोल. आत्या पाय वर घेऊन बसली. जाहिरात लागायच्या आधी पट्टी आली, ती सुशांतने वाचून दाखवली, ‘सत्य घटनेवर आधारित. व्यक्तींची आणि स्थळांची नावे बदलली आहेत.’

आत्या म्हणाली, "नावां बदलली हत. म्हणजे गाव आमचो आसा."

भाई म्हणाले, "आमचो कसो?"

"मगे नाव कित्याक बदलला?"

तुम्ही द्या उत्तर. खरंच देऊन बघा, मला आजवर सुचलेलं नाही. मला दिसत होतं, की त्या माडांच्या मागे वीस मजल्यांची इमारत आहे, आणि माड चक्क कुंड्यांत लावलेले आहेत, आणि आमच्या गावात कोणी कुंडीत माड लावला तर त्याला आधी वैद्याकडे नेतील. पण हे सांगणार कोण? मी? तोवर आबा उठले होते. टीव्ही चालूच, आवाज तेवढा बंद केला. नारळ मागवला. आम्ही सगळे मागे उभे राहिलो, समोर देव नाही, टीव्ही, त्यात तो जाकिटवाला मुकाट्याने तोंड हलवतोय, आणि आबांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ही जी काय तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत..."

"होय म्हाराजा."

"ह्या आमचा चेडू रोज सायकलीन शाळेत जाता, तेच्या वाटेर काय वाकडा-तिकडा असात, कोणाची वायट नजर असात, तर ती भायरच्या भायर घालव म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"आणि आजपासून चेडवाची सायकल मांगरात आणि चेडू बापाशीच्या टेम्पोत, असा आमी जा काय ठरवलेला आसा, ता गोड मानून घे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

हा तिसरा होय ऐकलात ना? त्यात मी होते. तुम्ही म्हणाल, अगो, तुझीच सायकल, तू कशाला म्हणालीस? अहो, जन्मापासूनची सवय. समोरच्याने ‘म्हाराजा’ म्हणून आवाज खाली सोडला की माझं तोंड आपोआप उघडतं, जसं बटण दाबल्यावर पंख्याला फिरू की नको असं वाटत नाही. मी माझ्याच शिक्षेला होय म्हटलं, आणि वर सगळ्यांत खणखणीत म्हटलं. आई कौतुकाने म्हणालीसुद्धा, "आज आवाज बरो लागलो तुझो." दुसऱ्या दिवशी सायकल मांगरात. मांगर म्हणजे बागेतली आमची सामानाची खोप, तिथे सोललेल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगावर माझी सायकल उलटी टाकली, चाकं वर. मी रडत रडत भाईंना म्हटलं... म्हणजे म्हणणार होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "काय करूया गो, तूच होय म्हटलंस मा?"

तुम्हाला वाटेल सायकलीचं एवढं काय. सांगते. हे कोणाला सांगितलेलं नाही. घरापासून शाळेपर्यंतचा तो खाडीकडेचा रस्ता, सुरूच्या झाडांतून जाणारा, तिथे कोणी नसतं. तिथे मी बोलते. मोठ्याने बोलते. आत्याला उत्तरं देते, वर्गात हात वर न करता राहिलेली सगळी उत्तरं देते, जाकिटवाल्याची नक्कल करते, मॅडमची करते, एकदा तर बगळ्यांपुढे पूर्ण भाषण केलं, एकही उडाला नाही. दिवसभरातली तेवढीच अर्धी घटका माझी. ती गेली. आणि तिच्या जागी काय आलं, तर भाईंचा बर्फाचा टेम्पो. हा टेम्पो मासळी घेऊन वेंगुर्ल्यापर्यंत जातो, तिथून परत येतो, आणि त्या वासासकट मला शाळेत सोडतो. बरं, सोडतो तर गुपचूप सोडावं. शाळेच्या फाटकाशी वळायला जागा नाही, म्हणून तो मागे घ्यावा लागतो, आणि मागे घेताना त्यातून एक बाई ओरडते, "सावधान, गाडी मागे येत आहे." सगळी शाळा खिडकीत. आणि त्या बाईच्या घोषणेमागोमाग दप्तर छातीशी धरून, अंगावर सुरमईचा वास घेऊन, मी खाली उतरते. ज्या मुलीला हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायची लाज वाटते तिची ही उपस्थिती!

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी म्हटलं असतं जाऊ दे. पण मालिका रोज असते. एका भागात मुलीला सरबतातून गुंगीचं औषध दिलं, आमच्याकडे माझं बाहेरचं सरबत बंद. एका भागात शिकवणीचे सर वाईट निघाले, माझी गणिताची शिकवणी बंद, आणि आमच्या शिकवणीला सर नाहीतच, आनंदीबाई आहेत, सत्तर वर्षांच्या, त्यांना खुर्चीतून उठवायला दोन मुली लागतात. एका भागात मैत्रिणीनेच घात केला, तर भक्ती घरी आली तेव्हा आत्याने तिला दारातच विचारलं, "बापूस काय करता तुझो?" भक्ती माझ्या वर्गात बालवाडीपासून आहे. मात्र एका भागात भाच्याने आत्याचा खून केला, तेव्हा सुशांतचं काय बंद झालं? काही नाही. त्याला उलट दोन दिवस तळलेल्या माशाची मोठी तुकडी मिळाली. म्हणजे बघा, गुन्हा मुंबईत, गुन्हेगार टीव्हीत आणि शिक्षा मला. आणि त्यावर सगळं घर म्हणणार, होय म्हाराजा.

मग म्हटलं, प्रकल्पाचा दुसरा भाग आहे ना, नियमन? बघू तरी, या देशात टीव्हीला कोणी विचारणारं आहे की नाही. मॅडमनी वर्गात समजावलं, एकदम शिस्तीत, पट्टी घेऊन. तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी, ज्या वाहिनीविरुद्ध तक्रार आहे त्या वाहिनीकडेच तक्रार करायची. दुसरी पायरी, सगळ्या वाहिन्यांनी मिळून स्वतःसाठी एक मंडळ केलेलं असतं, त्याच्याकडे जायचं. आणि तिथेही नाही झालं, तर तिसरी पायरी सरकार. पहिल्या दोन पायऱ्यांना मॅडम ‘स्वनियमन’ म्हणाल्या. मुलांनी तोंड वाकडं केलं, की ज्याने केलं त्याच्याकडेच तक्रार, ही काय पद्धत? मला मात्र लगेच समजलं. आमच्या घरी हेच आहे. आत्याविरुद्ध तक्रार असेल तर पहिली पायरी आत्या. ती म्हणते, "माझा काय चुकला?" आणि तक्रार निकालात निघते. दुसरी पायरी, तिची भावंडं, म्हणजे भाई. ते म्हणतात, "तिचा वय झाला, आता ती काय बदालतली?" तिसरी पायरी लवूआबा. ते नारळ मागवतात.

तरी केली मी तक्रार. बोलायचं नव्हतं ना, लिहायचं होतं. सुशांतच्या मोबाईलवरून वाहिनीला लिहिलं, शुद्ध मराठीत, की आपल्या मालिकेत दर वेळी बाहेर गेलेली मुलगीच मरते, प्रौढांसाठीचा भाग आपण दिवेलागणीला दाखवता, कुंडीतले माड दाखवून गाव म्हणता, आणि त्यामुळे माझी सायकल मांगरात आहे. उत्तर आलं. ‘आदरणीय प्रेक्षक, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. सदर मालिकेचा उद्देश जनजागृती हा आहे. आपल्या सायकलीस शुभेच्छा.’ शप्पथ. सायकलीस शुभेच्छा. मग मी दुसरी पायरी चढले, मंडळाकडे लिहिलं. तिथे कोणीतरी खरंच वाचलं असावं, कारण बरेच दिवस गेले आणि एके दिवशी दिवेलागणीच्या भागाआधी पडदाभर मोठी पाटी आली, ‘पुढील दृश्ये विचलित करणारी आहेत. प्रेक्षकांनी विवेक बाळगावा.’ माझ्या अंगावर काटा आला हो. हे मी केलं होतं. मी, जी कोणाशी बोलत नाही, तिच्या लिहिण्याने टीव्हीत पाटी लागली. मी श्वास रोखून आत्याकडे बघितलं.

आत्याने आबांना कोपर मारलं. "बघलास? आज काय तरी बरा दाखवतले. इकडे सरक, नीट बस." आणि आईला हाक मारली, "विमला गो, कढी मागसून कर, विचलित करणारा आसा." तेव्हापासून ज्या दिवशी पाटी नसते त्या दिवशी दोघांचं तोंड उतरतं. आबा म्हणतात, "आज विवेक नाय. बंद कर."

वाहिनीकडे झालं, मंडळाकडे झालं. सरकारला लिहायला घेतलं होतं, पण तेवढ्यात मला उमगलं, की दिल्लीवाल्यांनी मालिका अगदी बंदसुद्धा केली, तरी माझी सायकल काही मांगरातून चालत बाहेर येणार नाही. ती टीव्हीने नेलेली नाही. ती गाऱ्हाण्याने नेलेली आहे. आणि गाऱ्हाण्याच्या वर अपील कुठे असतं, तर गाऱ्हाण्यातच.

आणि योग आला. भाईंनी नवा टीव्ही आणला, जुन्यात सगळ्याच गुन्हेगारांची तोंडं हिरवी दिसायला लागली होती. नवा म्हणजे केवढा, तर भिंतीवरचे आमचे दोन पूर्वज उतरवून पडवीत न्यावे लागले. नवी वस्तू आली, म्हणजे नारळ आला, आबा आले, आम्ही मागे उभे राहिलो, बाबलीसुद्धा पेढ्यासाठी येऊन उभा राहिला, आत्यापासून जरा लांब. आणि आबांच्या पाठीमागे, नेहमीच्या जागी, नावं सांगायला मी.

आबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरात ह्या जा काय... काय गो ता?"

"स्मार्ट टीव्ही," मी कुजबुजले.

"...स्मार्ट टीव्ही इलेलो आसा, तेका कोणाची नजर लागलेली असात तर ती दूर कर म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"तेचा जा काय..."

"रिमोट."

"...रिमोट, ता पोरांच्या हातीसून वाचव म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"तेचा जा काय..."

"वायफाय."

"...वायफाय, ता सुरळीत ठेव म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

आता आबा पुरते लयीत आले होते. लयीत आले की ते मागून येईल ते पुढे देतात. नारळ हातात, डोळे मिटलेले, मान डोलतेय. "आणि जा काय..." म्हणून थांबले. तुम्हाला खरं सांगते, मला वाटलं नाहीच जमणार. मग डोळ्यांसमोर ती उलटी सायकल आली, चाकं वर करून पडलेली, आणि मी कुजबुजले, "आणि चेडवाची सायकल मांगरातसून भायर येवंदे."

"...आणि चेडवाची सायकल मांगरातसून भायर येवंदे म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सगळं घर म्हणालं. भाई म्हणाले, आई म्हणाली, सुशांत मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, बाबलीने तर दोनदा म्हटलं. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण? लक्ष्मीआत्या. म्हणून झाल्यावर तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. भाईंनी तिच्याकडे बघितलं, तिने भाईंकडे. "ह्या काय झाला?" ती म्हणाली. पण झालं ते झालं. वर पोचलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी बोलले होते आणि ते थेट देवापर्यंत गेलं होतं, आबांच्या तोंडून का होईना. बाबली पेढा मागायला पुढे आला. मी मनातल्या मनात सायकलला हवासुद्धा भरली.

पण आबांनी डोळे उघडले. सावकाश मान मागे वळवली. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, हसले असावेत, नक्की सांगता येत नाही, मिशी आहे. आणि पुन्हा डोळे मिटले.

"पण म्हाराजा..."

गाऱ्हाण्यात ‘पण’ कधी नसतं हो. मी आजवर ऐकलेलं नाही.

"...पण म्हाराजा, चेडू एकटा जावचा नाय. मागे कॅरिअरार आमची लक्ष्मी बसतली, तेका शाळेत पोचयतली, आणि शाळा सुटासर थंय बसान ऱ्हवतली. ता तेवढा सांभाळून घे म्हाराजा."

आता तुम्ही म्हणाल, या वेळी तरी तोंड मिटून ठेवलंस ना? अहो, पंखा. बटण दाबलं. होय म्हाराजा.

तर आता असं आहे. सकाळी मी सायकल काढते, आत्या पदर खोचून कॅरिअरवर आडवी बसते, मागचं चाक कण्हतं, आणि आम्ही निघतो. खाडी तीच, सुरूची झाडं तीच, बगळे तेच, फक्त आता बोलते आत्या. आदल्या संध्याकाळचा पूर्ण भाग, ढोलासकट. पाट्यासुद्धा सांगते. चढावर माझा जीव तोंडाला आलेला असतो तेव्हा नेमका खून होतो, आणि ती माझ्या पाठीत बोट खुपसून विचारते, "सांग बघूया, कोणी मारल्यान असात?" आणि मला ठाऊक असतं, पण दम नसतो. पहिल्या दिवशी आम्हाला बघितल्यावर बगळे उडाले.

काल प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती. मॅडम म्हणाल्या, "लेखन उत्तम आहे सलोनी, तुलना छान केली आहेस, पण तू बोलत का नाहीस? बरं, एकच सांग. स्वनियमन म्हणजे काय? स्वतःच्या शब्दांत." मी खिडकीबाहेर बघितलं. फाटकाजवळच्या कट्ट्यावर आत्या बसली होती, शिपाईमामांना विचारत होती, त्यांच्या शेजारी कोण राहतं. आणि तुम्हाला सांगते, कधी नव्हे ते मला उत्तर आलं, आणि आलं ते बाहेरच पडलं. मी म्हटलं, "मॅडम, नियम करणारा आपल्याच मागे कॅरिअरवर बसलेला असतो आणि पॅडल आपण मारायचं असतं. चढ आला तरी तो उतरत नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पुस्तकात दिलंय तेवढंच सांगायचं, सलोनी," त्या म्हणाल्या. "कळलं?"

आता तुम्हीच सांगा, यावर मी दुसरं काय म्हणणार होते?

होय म्हाराजा.